भूखारींसाठी रिमफायर काडतूस कसे निवडावे: उत्तर कॅलिफोर्नियातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, सिस्कियू आणि मोडॉक या काउंट्यांतल्या उंच खोऱ्यांमध्ये लसूणघासाची विस्तीर्ण शेते आहेत. वसंत ऋतूत बर्फ ओसरला की या शेतांत बेल्डिंगच्या भूखारी, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या खारी, बिळांतून वर येतात. वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली झोपून काढणारा हा प्राणी उरलेल्या काळात कोवळी लसूणघास फस्त करतो, आणि त्याच्या बिळांपुढचे मातीचे ढिगारे कापणीयंत्राच्या पात्यांची वाट लावतात. त्यामुळे शेतकरी ओळखीच्या, जबाबदार नेमबाजाला शेतात येऊ देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणारे काही मराठी नेमबाजही आता या वाटेला लागले आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आदळून पेटणाऱ्या लहान काडतुसांपैकी कोणते घ्यावे?

दुकानात या प्रश्नाचे उत्तर वेगाच्या आकड्यापासून सुरू होते. माझ्या मते निवड दुसऱ्या टोकाकडून करावी. गोळी कोणत्या धातूची असावी असे कायदा सांगतो, ती किती अंतरावर जाणार आहे आणि नेम चुकला तर ती कुठे जाऊन थांबणार आहे, ही तीन उत्तरे आधी हाती असली की काडतुसाचे नाव जवळजवळ आपोआप ठरते.

पहिली पायरी: आपली कागदपत्रे

अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी लागू होत नाही. ‘मित्राची रायफल आहे, मी फक्त हातात घेतो’ हा युक्तिवाद येथे चालत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने हातात घेणे हेदेखील बाळगणेच ठरू शकते. म्हणून व्हिसावर असलेल्यांनी आधी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, परवाना घ्यावा, आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. कॅलिफोर्नियात रायफल खरेदीसाठी सुरक्षा प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते आणि पैसे भरल्यानंतर दहा दिवस थांबावे लागते, हेही हिशेबात धरावे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीला जागा उरलेली नाही, त्यामुळे या लेखातील शिकारीचा भाग तेथील वाचकांसाठी केवळ माहितीपुरता आहे. रिमफायर काडतूस मात्र आपल्याला अनोळखी नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते .२२ लाँग रायफल या रिमफायर जातीच्या काडतुसाने.

दुसरी पायरी: प्राणी ओळखणे

बेल्डिंगची भूखार साधारण पाव किलो वजनाची असते. धोक्याची चाहूल लागली की ती मागच्या पायांवर ताठ बसते, आणि लांबून पाहणाऱ्याला शेतात कोणी खुंटी ठोकली आहे असे वाटते. डोके व छाती मिळून नेम धरण्याजोगा भाग जेमतेम दोन इंच रुंदीचा असतो, आणि पुढचे सगळे गणित या दोन इंचांभोवती फिरते.

कॅलिफोर्नियात या भूखारींच्या शिकारीला हंगामाचे किंवा संख्येचे बंधन नाही. तरीही सगळ्या खारी एका मापाने मोजू नयेत. झाडावरच्या आणि उडत्या खारींना वेगळे नियम लागू आहेत, तर मोहावे भूखार आणि सॅन वाकीन खोऱ्यातील नेल्सनची खार यांना राज्याचे संरक्षण आहे. नवख्या प्रदेशात जाण्यापूर्वी तेथे कोणती जात राहते हे ठाऊक असलेच पाहिजे. खार म्हटले की आपल्याला सेतू बांधताना वाळू वाहणारी रामाची खार आठवते, आणि ऐन वेळी चाप ओढण्यास मन तयार झाले नाही तर त्यात कमीपणा मानू नये. कागदी लक्ष्यावरची नेमबाजी हा स्वतंत्र आणि भरपूर खोल छंद आहे.

तिसरी पायरी: शिशाचा नियम

बहुतेक मार्गदर्शक हा विषय शेवटच्या परिच्छेदात उरकतात, पण कॅलिफोर्नियात तो आधी यायला हवा. १ जुलै २०१९ पासून या राज्यात बंदुकीने कोणताही वन्यप्राणी मारताना शिसेविरहित गोळीच वापरावी लागते. पीक खाणारी भूखारही याला अपवाद नाही. कारण साधे आहे. शेतात पडलेल्या मृत खारी गरुड, ससाणे आणि गिधाडे खातात, आणि गोळीचे शिशाचे बारीक कण त्यांच्या पोटात जातात. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया काँडोर या महाकाय गिधाडाची संख्या अवघ्या २२ वर आली होती, आणि शिशाची विषबाधा हे त्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण ठरले आहे.

या नियमाचे दोन परिणाम नवशिक्याच्या लक्षात येत नाहीत. पहिला असा की नियम शिकारीला लागू आहे, लक्ष्यावरच्या सरावाला नाही. त्यामुळे लोक स्वस्त शिशाच्या काडतुसांनी सराव करतात आणि शेतात तांब्याची नेतात. मीही पहिल्या वर्षी तेच केले. शिशाच्या जड गोळीवर दुर्बीण जुळवली, तांब्याची पेटी शेतात पोहोचल्यावर उघडली, आणि अर्धी सकाळ खारींच्या आजूबाजूची माती उडवत बसलो. दोन गोळ्यांचे वजन आणि वेग वेगळे असले की त्यांचा मार्गही वेगळा असतो, म्हणून ज्या गोळीने शिकार करायची तिच्यावरच नेम जुळवावा. दुसरा परिणाम खिशाचा आहे. शिकार करताना शिशाची काडतुसे आणि ती झाडू शकणारी रायफल एकत्र जवळ असणे हाच गुन्हा ठरतो. सरावातली चार उरलेली काडतुसे जाकिटाच्या खिशात राहून गेली असतील, तर ती घरीच काढून ठेवावीत.

चौथी पायरी: रिमफायरची घडण

रिमफायर काडतुसात पेटणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, रसायन पेटते आणि त्याच्या ज्वाळेने आतली दारू पेट घेते. पिनेच्या आघाताने कड चेपली जावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा फार दाब सहन करू शकत नाही, म्हणून रिमफायरची ताकद मर्यादित राहते. चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, म्हणून सेंटरफायरवाले, म्हणजे बुडाच्या मध्यभागी पेटणारी काडतुसे वापरणारे, घरी जशी काडतुसे भरून आपल्या नळीला साजेसे मिश्रण शोधतात, तशी सोय येथे नाही, आणि कारखान्यातून जे येते त्यातूनच निवडावे लागते. रसायन कडेभोवती सारखे पसरले नाही तर काडतूस फुसके निघते. असे झाल्यास रायफलीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण ठिणगी उशिरा पेटू शकते.

मापांविषयी थोडेसे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या साधारण अर्ध्या गुंजेइतके. १७ ग्रेनची गोळी म्हणजे सव्वा ग्रॅमच्याही आतला ऐवज. अंतर यार्डांत मोजतात. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, तेव्हा १०० यार्ड म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या साडेचार खेळपट्ट्या. एवढ्या अंतरावरच्या दोन इंचांवर नेम धरायचा आहे, याची कल्पना यावरून यावी.

पाचवी पायरी: उमेदवार काडतुसे

.२२ लाँग रायफल, म्हणजे .२२ एलआर, १८८७ पासून चालत आले आहे आणि जगात सर्वाधिक खपणाऱ्या काडतुसांपैकी एक आहे. नेहमीची वेगवान गोळी ४० ग्रेनची असते आणि सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने निघते. ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांवर ती पाच-सहा इंच खाली पडते. दोन इंचांच्या लक्ष्यासाठी याचा अर्थ असा की ६०-६५ यार्डांपलीकडे अंतर अचूक मोजल्याशिवाय चाप ओढण्यात अर्थ नाही. आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, किंमत कमी, आणि म्हणूनच शिकण्यासाठी यासारखे दुसरे काडतूस नाही. कॅलिफोर्नियात मात्र त्याचा पाय शिशाच्या नियमाने बांधला गेला आहे. बाजारात सहज मिळणारी तांब्याची गोळी २१ ग्रेनची आहे. ती १,८५० फूट वेगाने निघते खरी, पण कापसाचा गोळा जोरात फेकला तरी जसा लगेच मंदावतो, तशी ती हलकी आणि आखूड गोळी वेग गमावते. माझ्या रायफलीत ती ५० यार्डांपर्यंतच विश्वासाची ठरली. दुसऱ्या एखाद्या नळीत ती बरी चालेलही, पण त्या भरवशावर काडतूस निवडू नये.

.१७ एचएमआर हे २००२ मध्ये हॉर्नाडी कंपनीने आणले. .२२ मॅग्नमच्या पुंगळीची मान आवळून तीत .१७ इंचाची बारीक गोळी बसवली, एवढीच त्याची कल्पना, पण या एका कल्पनेने अशा शेतांवरची नेमबाजी बदलून गेली. १७ ग्रेनची गोळी २,५५० फूट वेगाने निघते. १०० यार्डांवर नेम जुळवला तर ५० यार्डांवर ती जवळपास नेमाच्या रेषेवरच असते, १२५ यार्डांवर सुमारे एक इंच खाली आणि १५० यार्डांवर अडीच इंचांच्या आसपास खाली जाते. म्हणजे शेताच्या कडेपासून १२५ यार्डांपर्यंत नवशिक्याने मधोमध नेम धरावा आणि खालीवरचा विचार करू नये. शिसेविरहित प्रकारात १५.५ ग्रेनची गोळी २,५२५ फूट वेगाने मिळते, म्हणजे मूळ गोळीच्या अगदी जवळ. .२२ एलआरला शिशाच्या नियमाने जेवढे पंगू केले, तेवढे .१७ एचएमआरला केलेले नाही, आणि कॅलिफोर्नियात माझा कौल या काडतुसाकडे झुकतो तो मुख्यतः याच कारणाने.

.२२ मॅग्नम, म्हणजे .२२ डब्ल्यूएमआर, १९५९ चे आहे. ४० ग्रेनची गोळी १,८७५ फूट आणि ३० ग्रेनची २,२०० फूट वेगाने निघते. ताकद .१७ एचएमआरपेक्षा जास्त, पण मार्ग अधिक वाकडा. पाव किलोच्या खारीला एवढ्या ताकदीची गरज नसते. जॅकरॅबिट (लांब कानांचा मोठा ससा) किंवा त्याहून मोठ्या प्राण्यांसाठी तिचा विचार करावा.

.१७ डब्ल्यूएसएम हे विंचेस्टर कंपनीचे काडतूस खिळे ठोकण्याच्या यंत्रातील काडतुसाच्या पुंगळीवरून बनले, हे ऐकून गंमत वाटते. २० ग्रेनची गोळी ३,००० फूट वेगाने निघते आणि कागदावर ते सर्वांना मागे टाकते. रायफलींचे पर्याय थोडे, काडतुसे बनवणारे थोडे, आणि टंचाईच्या काळात सर्वांत आधी नाहीसे होणारे, यामुळे पहिली रायफल म्हणून ते सुचवावेसे वाटत नाही. २००४ च्या .१७ मॅक २ विषयीही हेच म्हणावे लागेल. काडतूस गोड आहे, पण दुकानात शोधत फिरावे लागते.

सहावी पायरी: वारा

नवशिका उंचीच्या फरकाला घाबरतो, पण शेतात त्याला हरवतो तो वारा. ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा १०० यार्डांवर .१७ एचएमआरची गोळी साडेतीन इंचांच्या आसपास सरकवतो, .२२ मॅग्नमची पाच ते सहा इंच, आणि वेगवान .२२ एलआरची सुमारे पाच इंच. .१७ डब्ल्यूएसएमला हाच वारा दोन इंचांच्या आसपास हलवतो. लक्ष्य दोन इंचांचे आहे हे लक्षात घेता, अशा वाऱ्यात कोणतेही काडतूस नेम मधोमध धरू देत नाही.

येथे एक विरोधाभास आहे. .२२ एलआरमध्ये सेकंदाला सुमारे १,०७० फूट वेगाची, आवाजापेक्षा मंद गोळी वाऱ्याने वेगवान गोळीपेक्षा कमी सरकते, साधारण चार इंच. वारा गोळीला किती ढकलणार हे ती हवेत किती वेळ आहे यावर नव्हे, तर हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरते, आणि आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो. वेगवान गोळी निघते त्या मर्यादेच्या वर आणि लक्ष्यापर्यंत पोहोचता पोहोचता खाली येते, म्हणजे सगळा मार्ग त्या जाचातून काढते. ऑलिंपिकचे नेमबाज मंद काडतुसे का वापरतात, याचे उत्तर थोडेसे यातही आहे.

शेतात वारा मोजण्यासाठी उपकरण लागतेच असे नाही. लसूणघासाचे शेंडे नुसते थरथरत असतील तर नेम धरता येतो, शेंडे वाकून लाटा उठू लागल्या तर अंतर कमी करावे. सकाळी सहा ते नऊ ही वेळ बहुधा शांत असते.

सातवी पायरी: चुकलेली गोळी

.२२ एलआरची गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक ठरू शकते, म्हणूनच काडतुसांच्या पेट्यांवर तसा इशारा छापण्याची रीत आहे. मंद, जड, न फुटणारी शिशाची गोळी कठीण जमिनीवर किंवा दगडावर आपटली की टप्पा घेऊन उसळते. .१७ एचएमआरची हलकी, वेगवान, टोकदार गोळी जमिनीला लागताच बहुधा चुरा होते. सपाट शेतावर हा फरक काडतुसाच्या निवडीत अंतरापेक्षाही महत्त्वाचा ठरतो. ‘बहुधा’ या शब्दावर मात्र विसंबून राहू नये. पूर्ण तांब्याची गोळी तेवढ्या सहजतेने फुटतेच असे नाही, म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा चढ किंवा बांध असल्याशिवाय कोणत्याही काडतुसाने बार काढू नये. शक्य असेल तर थोडे उंचावर बसून खाली नेम धरावा, म्हणजे गोळी जमिनीत घुसते. या शेतांत चाकांवर फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाणी देणाऱ्या लांबच लांब नळ्या असतात. एका नळीला भोक पडले की शेतकऱ्याची परवानगी कायमची गेली असे समजावे.

आठवी पायरी: रायफल आणि चाचणी

काडतूस ठरले की रायफल निवडणे सोपे आहे. नवशिक्याने बोल्टवाली रायफल घ्यावी, कारण प्रत्येक बारानंतर हात थांबतो आणि डोके विचार करते. एकाच रायफलीवर नळ्या बदलून .२२ एलआर, .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर तिन्ही वापरता येतील अशी रचना सीझेड ४५७ मध्ये आहे. दोन काडतुसांच्या मोहात असलेल्यांनी तिचा विचार करावा. .२२ एलआरचे काडतूस .२२ मॅग्नमच्या नळीत सैल बसते, पण ते तेथे कधीही झाडू नये. पुंगळीला आधार नसल्याने ती फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो.

मग एकाच काडतुसाच्या तीन-चार वेगवेगळ्या शिसेविरहित पेट्या आणाव्यात. टेबलावर टेकू देऊन, शांत सकाळी, ५० यार्डांवर प्रत्येक पेटीच्या पाच-पाच गोळ्यांचे तीन गट कागदावर काढावेत, आणि सर्वांत चांगला गट नव्हे तर सर्वांत वाईट गट पाहून निवड करावी. रिमफायरच्या नळ्यांना आवडीनिवडी असतात. शेजाऱ्याच्या रायफलीत एका भोकात पाच गोळ्या घालणारी पेटी तुमच्या रायफलीत मूठभर पसरू शकते. एखादी पेटी चांगली ठरली की तिच्यावरचा लॉट क्रमांक टिपून त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या पेट्या घ्याव्यात. .१७ एचएमआरच्या रिकाम्या पुंगळ्यांची मान अधूनमधून पाहावी, आणि एखाद्या लॉटमध्ये बऱ्याच माना चिरलेल्या दिसल्या तर तो बाजूला ठेवावा. .१७ ची नळी साफ करायला तिच्याच मापाची बारीक सळई लागते, हे रायफल घेतानाच लक्षात ठेवावे, कारण .२२ ची सळई तीत शिरत नाही.

नववी पायरी: शेतात

मृत खारींना उघड्या हाताने स्पर्श करू नये. पश्चिम अमेरिकेतल्या भूखारींच्या पिसवांमधून प्लेगचे जंतू पसरू शकतात, आणि हा तोच रोग आहे ज्याने १८९७ मध्ये पुण्याची दैना केली. खारी उचलायच्या की जागीच ठेवायच्या हे शेतकऱ्याला विचारून ठरवावे, आणि उचलायच्या असल्यास हातमोजे घालून लांब दांड्याच्या चिमट्याने उचलाव्यात. रिकाम्या पुंगळ्या वेचून पिशवीत घालाव्यात, कारण त्या चाऱ्यात मिसळल्या तर गवळ्याला चालत नाही.

पहिल्या दिवशी .१७ एचएमआर हाती असले तरी ७५ यार्डांची मर्यादा स्वतःला घालून घ्यावी, आणि सलग दहा बारांत एकही जखमी खार बिळात निसटली नाही, तरच ती २५ यार्डांनी वाढवावी. दुपारी शेंडे आडवे होऊ लागले की रायफल मोकळी करून, बोल्ट उघडा ठेवून पिशवीत घालावी आणि शेताचे फाटक जसे होते तसे लावून परतावे.